दाखवा ते पाखरू

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी मर्दुमकीची अपेक्षा ठेवणार नाही. औरंगपुऱ्यात माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं काचा बदलायच्या आणि "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारत राहायचं, ह्या धंद्यात छाती पुढं काढायची वेळ येत नाही. घरी आम्ही दखनी बोलतो, गल्ल्यावर मराठी. शाळा मराठी माध्यमाची झाली, त्यामुळं लिहिणं-वाचणं सगळं मराठीत. बायको म्हणते, "तुमकू गुस्सा अपनी बोली में आता, हिसाब मराठी में." ती म्हणते ते खरंच आहे.

पाखरांचा नाद मला दुकानातच लागला. एका कॉलेजातला मास्तर त्याची दुर्बीण घेऊन आला होता. दुर्बीण कुठंतरी आपटली होती आणि एकाच्या जागी दोन चित्रं दिसत होती. मी भिंगं सरळ बसवली आणि तपासायला म्हणून समोरच्या तारेवरच्या साळुंकीवर रोखली. जन्मभर बघितलेली साधी साळुंकी, पण तिच्या डोळ्याभोवतीची पिवळी कातडी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. गिऱ्हाईक ताटकळत राहिलं आणि मी बघतच राहिलो. मास्तर हसला. तेव्हापासून दर हिवाळ्यात, दर रविवारी, आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवरून पाखरं बघायला जातो. तो हिंदू, मी मुसलमान, आणि इतक्या वर्षांत ह्या गोष्टीवर आमचं भांडण सोडा, धड चर्चासुद्धा झालेली नव्हती. आमची भांडणं पाखरांवरून व्हायची.

त्या हिवाळ्यातलं भांडण लाल छातीच्या माशीमारावरून चाललं होतं. हे चिमणीपेक्षाही लहान पाखरू. उन्हाळा युरोपातल्या जंगलांत काढतं आणि थंडीला आपल्याकडं येतं. नावावरून वाटेल, छाती लाल, ओळखायला काय अवघड? पण लाल रंग असतो फक्त पुऱ्या वयाच्या नराला, तोही गळ्याशी आणि जरा खाली. मादी आणि कोवळी पिल्लं अगदीच मातकट. त्यात ह्या पाखराचा एक सैबेरियाकडचा चुलतभाऊ आहे, तोही थंडीत इकडंच येतो. दोघांच्या माद्या शेजारी शेजारी बसवल्या तरी चांगले चांगले जाणकार डोकं खाजवतात. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं असतं, ते दोघांनाही. फरक बघायचा तो चोचीत. खालची चोच बुडाशी फिकट असली तर युरोपचा, सगळी काळी असली तर सैबेरियाचा. आता करंगळीएवढ्या पाखराची खालची चोच बघायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

वैजापूरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत एका गावाच्या कडेला जुनी विहीर आहे आणि तिच्याभोवती आंब्याची मोठी झाडं. आदल्या रविवारी तिथं आम्ही "टर्र्र" असा त्याचा कोरडा आवाज ऐकला होता आणि मादी ओझरती बघितली होती. मास्तर म्हणाला, सैबेरियाची. मी म्हणालो, युरोपची. परत येईपर्यंत आम्ही वाद घातला आणि पुढच्या रविवारी स्टँडवरची मोठी दुर्बीण घेऊन जायचं ठरलं.

पण त्या आठवड्यात आमच्या भागात चोरांची आवई उठली. रात्री आकाशात दिवे फिरतात, ते वरून घरं हेरतात, मग खालून माणसं येतात, असं जो तो सांगत होता. कुणी स्वतः बघितलेलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या साडूनं बघितलेलं होतं. गावोगाव पोरं-माणसं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालू लागली. बायको म्हणाली, "ये हफ्ते नक्को जाओ." मास्तर फोनवर म्हणाला, "आपण उजाडल्यावर पोचणार. चोर काय सकाळी येतात?"

चोरांचं भय मला नव्हतंच. माझं भय वेगळं होतं आणि ते मी मास्तरला कधी बोलून दाखवलं नव्हतं. अनोळखी गावात घोळक्यात सापडलो आणि कुणी नाव विचारलं तर? मोबाईलवर नको नको ते व्हिडिओ येतात. मी ते उघडत नाही, पण न उघडलेलेच डोळ्यांपुढं जास्त फिरतात. शहरात माझं नाव दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. शेताच्या बांधावर, हातात दुर्बीण असताना, ते नाव मला जड वाटायचं. हे मास्तरला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "काहीतरीच तुझं." म्हणून सांगितलं नाही.

फजरची नमाज पढून मी निघालो. बायकोनं दारातून बजावलं, "पोचते के साथ फोन लगाओ." थंडी मरणाची होती. दोघांच्याही डोक्याला माकडटोप्या, अंगात जाड जर्किनं. लांबट पिशवीत घातलेला स्टँड माझ्या खांद्याला. विहिरीपाशी पोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता आणि कांद्याच्या वाफ्यांवर धुकं होतं. फोन करायचं मी साफ विसरलो, कारण पोचलो आणि लगेच "टर्र्र" ऐकू आलं.

आम्ही घाईनं स्टँड उभा केला, पाय लांब केले, दुर्बीण बसवली आणि आंब्याच्या खालच्या फांद्यांवर रोखली. त्या झाडामागं एक शेतातलं घर होतं. आमच्या लेखी ते नव्हतंच. पाखरं बघणाऱ्याला पाखरामागचं काही दिसत नाही, हा आमच्या जातीचा दोष आहे. घरातून एक बाई बादली घेऊन बाहेर आली, तिला मात्र आम्ही स्पष्ट दिसलो: टोप्यांनी तोंडं झाकलेले दोन पुरुष आणि त्यांच्या मधोमध तीन पायांचं एक यंत्र, नळी तिच्या दाराकडं. बादली तिथंच टाकून ती ओरडत गावाच्या दिशेनं पळाली.

"आपल्याला बघून का?" मास्तरनं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत कुत्री भुंकायला लागली आणि बांधावरून माणसं येताना दिसली.

रात्रभर जागलेली माणसं होती ती. घोंगड्या, शाली, हातात काठ्या, एकाच्या हातात अजून पेटलेली बॅटरी. डोळे तांबारलेले. बघता बघता आमच्याभोवती कडं झालं. तपकिरी मफलर गुंडाळलेला एक धिप्पाड माणूस सरळ मोटारसायकलकडं गेला, त्यानं चावी काढली आणि मुठीत धरली.  

"काय मोजायलात?" एकानं विचारलं.

"मोजत नाही हो. पक्षी बघतोय," मास्तर म्हणाला.

"आमच्या घराकडं पक्षी हाय व्हय?"

"मोजणीवाले दिसतेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"मोजणीवाले नोटीस देऊन येत्यात. हे हेरायला आलेत. रातच्याला वरून हेरायचं, दिवसा खालून."

हे म्हणणं सगळ्यांना पटलेलं दिसलं. कडं एक पाऊल आत सरकलं. कुणीतरी माझ्या खांद्यावरची रिकामी पिशवी ओढून उलटी केली. ती रिकामी निघाली याचाच त्यांना जास्त संशय आला. घोळक्यात एक म्हातारा होता, पांढरी टोपी आणि अंगात स्वेटर, त्याला सगळे आबा म्हणत होते. तो पुढं आला आणि आमच्या टोप्या काढायला लावल्या. मग त्यानं शांतपणे विचारलं, "कुठले तुम्ही? नाव काय?"

आलं, असं मी मनात म्हणालो. इतकी वर्षं ज्याला भीत होतो ते समोर येऊन उभं राहिलं होतं.  

मास्तरनं स्वतःचं नाव आणि आडनाव सांगितलं. मग माझ्याकडं हात केला आणि एका दमात म्हणाला, "आणि हे माझे थोरले भाऊ."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे माझं जे भय मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं, ते त्याला ठाऊक होतं. ते त्याच्याही पोटात होतं.

"व्हय का?" मफलरवाल्यानं मला विचारलं.

मी मान हलवली.

खरं भय तिथून पुढं सुरू झालं. तोपर्यंत मी निदान खरा माणूस होतो, काहीही न केलेला. आता मी खोटा होतो. जर्किनच्या आतल्या खिशात पाकीट होतं आणि पाकिटात आधार कार्ड. कुणी "कार्ड दाखवा" म्हणालं की संपलं. भाऊ म्हणून सांगितलेला माणूस भलताच निघाला, मग ते हेरायलाच आले होते हे सिद्धच झालं. मास्तरला हे उशिरा सुचलं असावं, कारण त्याचा चेहरा पांढराफटक पडला. एका खोट्यानं आम्ही दोघंही अडकलो होतो आणि ते खोटं प्रेमापोटी बोललेलं होतं, त्यामुळं मला त्याला शिव्याही घालता येत नव्हत्या.

"पाखरूच बघायलात ना?" आबा म्हणाले. "मग दाखवा ते पाखरू."

मास्तरनं मोबाईल काढला आणि उतावीळपणे फोटो दाखवला. इथं त्यानं दुसरी चूक केली. फोटो नराचा होता, गळ्याशी छान नारिंगी-लाल. मोबाईल हातोहात फिरला. सगळ्यांनी लाल गळा डोळे भरून बघून घेतला. मी मास्तरच्या कानात म्हणालो, "अरे, इथं मादी आहे." तो पुटपुटला, "माझं डोकं चालत नाहीये."

"हे परदेशातून येतं," मास्तर सांगत होता. "युरोपातून. हजारो किलोमीटर."

"आन् आमच्या हिरीवर येतं?" बाई म्हणाली. ती परत आली होती आणि पदर खोचून उभी होती. "आमी तर कवा बघितलं नाय."

हे तिचं म्हणणं आमच्या अगदीच विरोधात गेलं. आबांनी काठी जमिनीवर टेकली. "दिसू द्या. दिसलं तर च्या पिऊन जा. नाय दिसलं तर पोलीस पाटलाला बोलावतो."

पोलीस पाटील आला की कार्ड मागणार, एवढं मला कळत होतं. आता आमची अब्रू, हाडं, जे काय असेल ते, एका मातकट पाखरावर अवलंबून होतं. आणि ते पाखरू एवढ्या गलक्यात झाडात कुठं दडून बसलं होतं देव जाणे. शेवटी भित्र्या माणसालाच बोलावं लागलं. माझ्या तोंडून दुकानातला आवाज निघाला, पोरं काउंटरवर हात ठेवतात तेव्हा निघतो तो. "असं उभं राहून येणार नाही ते. सगळे खाली बसा. हलायचं नाही, बोलायचं नाही."

आणि नवल म्हणजे सगळे बसले. काठ्या आडव्या टाकल्या आणि बांधावर ओळीनं उकिडवे बसले. बाईसुद्धा बादली पालथी घालून तिच्यावर बसली. कुत्र्याला कुणीतरी मांडीत दाबून धरलं. मफलरवाला माझ्या अगदी लगत बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्याच्या मुठीत आमची चावी.

तेवढ्या शांततेत माझा फोन वाजला.

पोचल्यावर फोन करायचा राहिला होता, म्हणून बायको करत होती. मी तो खिशातच दाबून बंद करायला गेलो, पण जाड जर्किनवरून बटण सापडेना. "घ्या की," मफलरवाला म्हणाला. सगळे बघत होते. न घेतला तर आणखी संशय. मी फोन कानाला लावला आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा बायकोशी मराठीत बोललो.

"हो, पोचलो आम्ही. नंतर बोलतो."

 पलीकडून तिचा आवाज आला. तिचा आवाज मुळातच असा आहे की फोनची गरज नसते. "मराठी में कायकू बोल रे तुम? क्या हुआ? कौन है बाजू में?"

"काही नाही. बरं आहे. ठेवतो," म्हणालो आणि फोन बंद केला. घाम मानेवरून खाली ओघळला. घोळक्यात कुणीतरी "ह्ये तर—" असं म्हणत अर्धवट उठलं. मफलरवाल्यानं मागं न बघता हात वर केला. "गप बस. पाखरू येऊ दे." उठलेला परत खाली बसला. ह्या मफलरवाल्याला पाखराची फारच उत्सुकता दिसते, असं मला त्या भीतीतही वाटून गेलं.

किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. मला खोकला येत होता आणि मी तो गिळत होतो. पाकिटाचा चौकोन छातीला टोचत होता. मास्तरचे ओठ हलत होते. तो काय पुटपुटत होता ते त्याचं त्याला माहीत. मी माझं पुटपुटत होतो, तोंड मिटून. नाही आलं तर काय, ह्याच्या पुढं मी विचार करू शकत नव्हतो.

"टर्र्र."

विहिरीच्या पलीकडून आला. मग झाडाच्या खालच्या फांदीवर काहीतरी हललं. एक लहानसं पाखरू सावलीतून पुढं आलं, हवेत एक गिरकी घेऊन माशी पकडली आणि परत येऊन फांदीवर बसलं. शेपटी एकदा वर उडवली. मी दुर्बीण फिरवली आणि डोळा लावला. मातकट पाठ. मळकं पोट. गळा साधा.

"आलं," मी म्हणालो. 

मोबाईल ज्याच्या हातात होता त्यानं फोटो बघितला, मग फांदीकडं बघितलं. "लाल कुठंय?"

"ही मादी आहे," मास्तर म्हणाला. "मादीला लाल नसतं."

"आता कायबी सांगायलात. मगाशी लाल म्हणलात, आता नाय म्हणायलात."

"चिमणीच हाय ती," दुसरा म्हणाला. दोघं-तिघं उठून उभे राहिले. काठ्या परत हातात आल्या. मला वाटलं, आता पाखरू उडणार आणि आपलं काही खरं नाही. पण ते उडालं नाही. रात्रभर गस्त घालणाऱ्या माणसांपेक्षा त्याला माशा महत्त्वाच्या होत्या.

मी मफलरवाल्याचा दंड धरला. माझ्यात ते बळ कुठून आलं कुणास ठाऊक. "तुम्ही बघा. ह्या नळीतून. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसेल. चिमणीला तसं नसतं. ते दिसलं नाही तर बोलवा पोलीस पाटलाला."

त्यानं काठी काखेत धरली आणि वाकला. डोळा लावला. "कायबी दिसंना. नुसतं धुकं."

मी दुर्बिणीचं कडं फिरवलं. "आता?"

"जरासं."

"आता?"

 तो बराच वेळ वाकून राहिला. सगळे त्याच्या पाठीकडं बघत होते. फांदीवर पाखरानं शेपटी परत वर उडवली.

"पांढरं हाय," तो म्हणाला. "काळी शेपटी, आन् दोन्हीकडून पांढरं. शेपटी उडवली का दिसतंय." मग आणखी जरा बघून म्हणाला, "लई लहान हाय वो. हे एवढं येतंय तिकडून?"

मग आबांनी बघितलं. मग बाईनं बघितलं आणि तिनं सगळ्यांना सांगितलं की ह्याचं डोळं केवढं मोठं हाय. मग रांग लागली. मोबाईलवाल्यानं दोनदा बघितलं. मी अधूनमधून भिंग नीट करायच्या मिषानं डोळा लावत होतो आणि तेवढ्यात खालची चोच बघून घेतली. बुडाशी फिकट होती, पिवळसर. युरोपचीच. वाद मी जिंकला होता, पण ते मास्तरला सांगावंसं मला वाटलं नाही. पाखरू खरं निघालं असलं तरी मी खोटाच होतो.

आबांनी शब्द पाळला. बाईच्या अंगणात बाजेवर बसवून चहा दिला, गुळाचा, आलं घातलेला. "किती दिस झालं झोप नाय गावाला," आबा म्हणाले. "राग मानू नका." मास्तर नको तितकं हसत होता. एकानं मला विचारलं, "थोरले तुम्ही का? तुम्हीच बारीक दिसता." मी म्हणालो, "तो खाण्यात पुढं." सगळे हसले. मफलरवाला हसला नाही. तो खांबाला टेकून उभा होता, कपातून फुरके मारत माझ्याकडं बघत होता.  मला फक्त तिथून निघायचं होतं.

निघालो तेव्हा तो आमच्याबरोबर मोटारसायकलपर्यंत आला. मास्तर स्टँड बांधत होता. मफलरवाल्यानं चावी माझ्या हातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"पैले घर कू फोन लगाओ," तो हळू आवाजात म्हणाला. "भाभी डर गए हुइंगे."

 मास्तरचे दोर बांधणारे हात थांबले.

"गाँव में हमारे भी घराँ हैं," तो म्हणाला. "गश्त सब मिलके करते."

"आबांना...?" मी कसंबसं विचारलं.

"सबकू मालूम. भाभी का आवाज विहीर के उधर तक गया." आता तो थोडं हसला. मग हसू गेलं. तो मास्तरकडं बघत मराठीत म्हणाला, म्हणजे दोघांनाही ऐकू जावं म्हणूनच म्हणाला असणार, "आमाला चोराची भीती व्हती. तुमाला कशाची व्हती?"

उत्तराची वाट न बघता त्यानं चावी सोडली, मफलर कानावरून घेतला आणि घोंगडी सावरत शेताकडं निघून गेला. त्याला झोपायचं असेल.

 हमरस्ता लागल्यावर कडेला थांबून मी बायकोला फोन केला. तिला वाटलं होतं की माझ्या मेंदूत काहीतरी झालंय आणि मी भाषा विसरलोय. ती रडली, मग तिनं मला झाडलं, मग परत रडली. मास्तर जरा लांब उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "चुकलं का माझं?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो माझ्याच मानेचा, हललेल्या. ती माणसं चांगली होती. आम्ही त्यांना जे समजलो ते ती नव्हती, आणि ती आम्हाला जे समजली ते आम्ही नव्हतो. पण त्यांच्यापाशी निदान पाखरू मागून घ्यायची अक्कल होती. आम्ही त्यांच्याकडं काहीच मागितलं नाही, आधीच ठरवून मोकळे झालो. हे सगळं मला कळतं. तरी मी मास्तरला "हो, चुकलं" असं म्हणू शकलो नाही. गाव दुसरं असतं तर? तो माणूस तिथं नसता तर? त्या खोट्यानं मला वाचवलं असतं की मारलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता येत नाही याचंच मला जास्त भय वाटतं.

पुढचे दोन रविवार मी दुकानाचं काम काढलं. तिसऱ्या रविवारी मास्तर पहाटे दारात येऊन उभा राहिला. आम्ही निघालो. गल्लीच्या टोकाला त्यानं गाडी थांबवली आणि मागं न वळता विचारलं, "कुणी नाव विचारलं तर काय सांगायचं?"

खरं सांग, माझं नाव सांग, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पाठ केल्यासारखं वाक्य तयार होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आधी बघू, कोण विचारतंय."